माशांच्या आणि कोरलच्या, एकमेकींना जोडलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांमध्ये पाणी वारंवार अडतं, तेव्हा काय तपासायचं

मांडणी अशी आहे असं धरू. सम्पमधला, म्हणजे खाली ठेवलेल्या गाळणीच्या टाकीतला, रिटर्न पंप मुख्य टाकीत पाणी टाकतो. मुख्य टाकीतून एका पाईपाने ते शेजारच्या, त्याच उंचीवरच्या फ्रॅगच्या (कोरलच्या वाढवायला ठेवलेल्या तुकड्यांच्या) टाकीत जातं आणि तिथल्या ओव्हरफ्लोवरून, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या काठावरून, पुन्हा सम्पमध्ये उतरतं. नवीन असताना सगळं सुरळीत चालतं. काही आठवड्यांनी मुख्य टाकीतलं पाणी काठाकडे सरकायला लागतं. पाईपात ब्रश फिरवला की पातळी जागेवर येते, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा चढते.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे पंप मोठा घ्या. कृपा करून तो ऐकू नका. या मांडणीत दोन टाक्यांमधून पाणी पुढे नेण्याचं काम पंप करतच नाही. ते काम पातळीतला फरक करतो. मुख्य टाकीत पाणी जितकं उंच, तितक्या जोराने ते पाईपातून पलीकडे जातं. पंप मोठा केला तर मुख्य टाकी आणखी चढेल, एवढंच होईल. म्हणून दोन टाक्यांत थोडा फरक दिसला तर घाबरू नका, त्याच्याशिवाय पाणी हलणारच नाही. तो फरक हळूहळू वाढतोय का आणि नेमका कुठे वाढतोय, हे पाहायचं.

थोडं गणित पाहू, कारण त्याच्याशिवाय हा त्रास कायमचा सुटत नाही. आतून 25 मिमी व्यासाचा, अर्ध्या मीटरपेक्षा आखूड, फारतर एक वळण असलेला पाईप घ्या. पातळीत 1 सेमी फरक असेल तर त्यातून ताशी साधारण 500 लिटर पाणी जातं. ताशी 1000 लिटर हवं असेल तर फरक 2 सेमी नाही, 4 सेमी लागतो. 1500 लिटरसाठी 9 सेमी. प्रवाह दुप्पट करायचा तर फरक चौपट, तिप्पट करायचा तर नऊपट. आता पाईप आतून 50 मिमीचा केला तर तेवढ्याच 1 सेमी फरकावर ताशी 2000 लिटरच्या आसपास पाणी निघतं. मोठ्या पंपापेक्षा मोठा पाईप का बरा, ते यातून समजतं.

याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे पाईपाच्या आत साचणारा थर. 25 मिमीच्या पाईपात सगळीकडून अडीच मिमी थर बसला की आतला व्यास 20 मिमी होतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढाच प्रवाह न्यायला लागणारा पातळीतला फरक जवळजवळ अडीचपट होतो. आधी 4 सेमी असलेला फरक 10 सेमीच्या जवळ पोहोचतो. काठाला तेवढी जागा ठेवलेल्या टाक्या फार कमी असतात. वारंवार उद्भवणारी तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. पाईप सुरुवातीपासून जेमतेम पुरणारा असतो, म्हणून थोडासा थरही त्याला सोसत नाही. ब्रश फिरवून तात्पुरतं भागतं, पण पाईप जेमतेमच राहतो.

सम्पमध्ये काय होतं ते आधी बघा

मुख्य टाकीत चढलेलं पाणी नवीन नसतं, ते सम्पमधून गेलेलं असतं. त्यामुळे पाईप चोंदला की पहिली खूण सम्पच्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात दिसते, तिथली पातळी उतरते. आणि नेमकं त्याच कप्प्यात ऑटो टॉप-ऑफचं, म्हणजे उडून गेलेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्राचं, सेन्सर बसवलेलं असतं. पाणी कमी झालं म्हणजे बाष्पीभवन झालं, एवढंच त्या यंत्राला कळतं, आणि ते गोडं पाणी सोडायला लागतं.

120 बाय 50 सेमीच्या मुख्य टाकीत पातळी 3 सेमी चढली तर वर अडकलेलं पाणी 18 लिटर होतं. तेवढंच आरओचं पाणी टॉप-ऑफने आत सोडलं, आणि एकूण पाणी 400 लिटर होतं असं धरलं, तर क्षारता (हजार भागांत मिठाचे भाग) 35 वरून 33.5 वर येते. कोरल मिटून बसतात आणि आपण दिव्याला, खाद्याला, औषधाला दोष देत राहतो. पुढे वीज जाते तेव्हा वर अडकलेले 18 लिटर खाली येतात. सम्पची मापं 60 बाय 40 सेमी असतील तर तिथे ठरलेल्या पातळीपेक्षा साडेसात सेमी पाणी जास्त चढतं. जमिनीवर सांडलेल्या पाण्याचं मूळ असं कधीकधी पाईपाच्या तोंडावरच्या, महिनाभर आधी चोंदलेल्या जाळीत असतं.

म्हणून कारण सापडेपर्यंत टॉप-ऑफ बंद ठेवा. बाष्पीभवनाचं पाणी रोज ठरलेल्या वेळी, क्षारता मोजून, हाताने घाला. पाणी रोजच्यापेक्षा जास्त लागतंय असं वाटलं तर घालण्याआधी मुख्य टाकीची पातळी बघा. क्षारता आधीच उतरलेली असेल तर ती एका फटक्यात वर नेऊ नका. एक-दोन दिवसांत, बाष्पीभवनाच्या जागी खारं पाणी घालत हळूहळू आणा.

अडथळा नेमका कुठे आहे

प्रत्येक टाकीच्या आणि सम्पच्या प्रत्येक कप्प्याच्या काचेवर बाहेरून टेपचा तुकडा लावा आणि पंप चालू असतानाची पातळी त्यावर पेनने आखा. मग पंप बंद करा आणि वाट बघा. मुख्य टाकीतलं पाणी फ्रॅगच्या ओव्हरफ्लोच्या काठाइतकं खाली यायला हवं. किती वेळात येतं ते घड्याळ लावून नोंदवा. पाईप साफ असताना लागणारा वेळ एकदा लिहून ठेवला असेल तर पुढच्या प्रत्येक वेळी त्याच्याशी ताडून पाहता येतं. या मांडणीत मला यापेक्षा भरवशाची दुसरी चाचणी माहीत नाही, आणि ती करायला कुठलंही उपकरण लागत नाही.

पाणी हळू उतरलं पण शेवटी समपातळीला आलं, तर अडथळा जाळीत किंवा पाईपात आहे. मध्येच थांबलं आणि फरक तसाच राहिला, तर पाईपाच्या एखाद्या उंच भागात हवा अडकली आहे. पाणी झटकन उतरलं, तर पाईप ठीक आहे आणि तुमची अडचण दुसरीकडे आहे. बहुधा फ्रॅगच्या ओव्हरफ्लोच्या काठावरच्या कंगव्यासारख्या दातांत, नाहीतर सम्पमधल्या कप्प्यांमध्ये.

सगळ्यात आधी पाईपाच्या तोंडावरची जाळी काढून हातात घ्या. चालू टाकीत वरवर ती साफ दिसते, बाहेर काढल्यावर खरी अवस्था कळते. फटींच्या बाहेरच्या बाजूला केसासारखं शेवाळ, आतल्या बाजूला गुळगुळीत तपकिरी थर, आणि फटीच्या कडेला व्हर्मेटिड गोगलगायीच्या पांढऱ्या नळ्या. या गोगलगायी नळीतून जाळ्यासारखा चिकट पदार्थ बाहेर सोडतात आणि वाहून येणारा कचरा त्यात अडकवतात. म्हणजे फट निम्मी नळीने बुजते आणि उरलेली त्या जाळ्यात अडकलेल्या कचऱ्याने. नळ्या चिमट्याने तुटतात, पण बुडाशी राहिलेला भाग खरवडून काढला नाही तर कचऱ्याला तिथे धरायला जागा राहतेच.

आता जाळीच्या मापाबद्दल, कारण खूप जण पाईप मोठा घेतात आणि जाळी छोटी ठेवतात. आतून 50 मिमीच्या पाईपाचं तोंड साधारण 19.6 चौ. सेमी असतं. 3 मिमी रुंद आणि 30 मिमी लांब अशी एक फट 0.9 चौ. सेमीची. म्हणजे नुसती बरोबरी साधायलाच 22 फटी लागतात, आणि त्यातल्या निम्म्या बुजल्या की 50 मिमीच्या पाईपाचा उपयोग निम्म्याहून खाली येतो. तिप्पट धरून 65-66 फटी असलेली, लांब नळीसारखी जाळी लावा. पाणी जास्त फटींतून वाटून गेलं की प्रत्येक फटीपाशी ओढ कमी होते, त्यामुळे गोगलगायी आणि छोटे मासे तिला चिकटत नाहीत, आणि कचराही कमी साचतो.

हवा अडकण्याचा प्रकार वेगळा. पाईप एका टाकीतून निघून वर चढतो आणि मग पलीकडे उतरतो, अशी कमान कुठेही असेल तर पाण्यातले बारीक बुडबुडे तिच्या माथ्यावर जमतात. काचेवरून टाकलेली उलटी यू-नळी म्हणजे हाच प्रकार मोठ्या प्रमाणात. पारदर्शक नळी असेल तर नीट दिसतं. माथ्यावर आधी एक चपटा बुडबुडा असतो, दोन दिवसांत तो बोटभर लांब होतो, त्याच्याखालून पाणी पातळ पट्टीसारखं वाहतं, आणि एके दिवशी सायफन, म्हणजे पूर्ण भरलेल्या नळीतून पाणी आपोआप ओढलं जाणं, तुटतो. यावर उपाय प्रवाहाचा वेग राखणं हाच आहे. वेग पुरेसा असेल तर बुडबुडे पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून यू-नळी गरजेपेक्षा फार जाड घेतली तर उलटाच परिणाम होतो, कारण आत पाणी संथ चालतं आणि हवा माथ्यावर बसते. पाण्याखालच्या पाईपासाठी मी जाड घ्या म्हणतो आणि कमानीसाठी बारीक, हे परस्परविरुद्ध वाटेल, पण एकात हवा साचायला जागा नाही आणि दुसऱ्यात आहे. शिवाय स्किमरचं (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचं) किंवा पाणी पडून फेसाळणारं तोंड यू-नळीच्या जवळ ठेवू नका.

काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) नसेल आणि टाकी रिकामी करणं शक्य असेल तर यू-नळी सोडून द्या आणि काचेला भोक पाडून बल्कहेड (भोकातून पाईप गळती न होता बाहेर काढणारा जोड) बसवा. टेम्पर्ड काचेला भोक पाडता येत नाही, ती तिथेच फुटते. बल्कहेडचं रबर वॉशर कॉलरच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या आत येतं. नट हाताने आवळून वर पाव वळसा दिला की पुरतं. आणि माप घेताना आतला व्यास मोजा. मिमीत सांगितलेलं पीव्हीसी पाईपाचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं, आणि आतला व्यास भिंतीच्या जाडीप्रमाणे कमी भरतो. बल्कहेडचं भोक कधीकधी त्याहूनही लहान असतं. सगळ्या मार्गात जी जागा सर्वांत अरुंद, तिच्यावर हिशोब करायचा.

वळणांबद्दल थोडक्यात. एका 90 अंशाच्या एल्बोऐवजी 45 चे दोन घ्या, जागा असेल तर. आत वळ्या असलेला लवचिक पाईप टाळा, त्यात घर्षणही जास्त आणि घाणही जास्त बसते. पाईप पारदर्शक असेल तर त्यावर काळी पट्टी किंवा कापड गुंडाळा. उजेड गेला की आतलं शेवाळ थांबतं. स्पंज आणि नळीकृमी मात्र अंधारात उलट जास्त खुशीत वाढतात, त्यामुळे ब्रशपासून सुटका नाही.

ओव्हरफ्लोच्या काठावर अडतंय का

30 सेमी लांब, दात नसलेल्या सपाट काठावरून 1 सेमी उंचीचं पाणी पडत असेल तर ते ताशी सुमारे 2000 लिटर असतं. त्याच काठाला दात असतील आणि निम्मी लांबी दातांनी व्यापली असेल तर तेवढ्याच पाण्यासाठी उंची 1.6 सेमी होते. दातांमध्ये मिठाचा थर आणि शेवाळ आलं की आणखी वाढते. इथे ब्रशच्या दोन फटक्यांत काम होतं, म्हणून मी हे जोडपाईपाच्या आधी उरकून घ्यायला सांगेन.

ओव्हरफ्लोखालून सम्पकडे जाणाऱ्या पाईपात गुडगुड आवाज येत असेल आणि टाकीची पातळी ठराविक वेळाने वर-खाली होत असेल, तर पाईप मध्येच सायफन धरतोय आणि मध्येच सोडतोय. गेट व्हॉल्व्ह लावलेला पूर्ण सायफन आणि शेजारी पाण्याच्या पातळीच्या थोडा वर उघडणारा मोकळा आपत्कालीन पाईप, ही हर्बी पद्धत यावर चांगली चालते. बीनॅनिमल पद्धतीत मध्ये आणखी एक पाईप असतो, जो उरलेलं थोडं पाणी शांतपणे नेतो आणि पातळी आपोआप सावरतो. जागा असेल तर मी ही दुसरीच निवडेन. व्हॉल्व्ह पूर्ण प्लास्टिकचा घ्या. पितळेत तांबं असतं आणि कोरल, कोळंबी, गोगलगायी यांना ते विषारी आहे. सम्पमध्ये उतरणाऱ्या पाईपाचं तोंड पाण्यात 2-3 सेमीच बुडवा. जास्त खोल असेल तर पाईपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरायला वेळ लागतो.

सम्पच्या आत कप्प्यांमध्ये स्पंज कोंबलेला असेल तर तो काढा. तो चोंदला की पंपाचा कप्पा कोरडा पडतो, आणि टॉप-ऑफचं वर सांगितलेलं चक्र इथेही सुरू होतं.

किती प्रवाह खरंच हवा

हे विचारल्याशिवाय खर्चाला हात घालू नका. टाक्यांमधला पाईप पाण्याची अदलाबदल करण्यासाठी आहे, कोरलला हलवण्यासाठी नाही. 200 लिटरच्या फ्रॅग टाकीला तासाला तीन ते पाच वेळा पाणी बदललं, म्हणजे 600 ते 1000 लिटर मिळालं, तरी पुरतं. कोपऱ्यात घाण साचतेय, कोरलचे पॉलिप हलत नाहीत, या तक्रारींवर वेव्हमेकर (टाकीतच पाणी फिरवणारा छोटा पंप) लावायचा असतो. अदलाबदल पुरेशी होते की नाही हे तपासायचं असेल तर दोन्ही टाक्यांचं तापमान आणि क्षारीयता (अल्कलिनिटी, क्षारतेपेक्षा वेगळी) एकाच वेळी मोजा. आकडे जुळत असतील तर पाण्याला काही अडचण नाही, मग दोन सेमी फरक दिसला तरी चालेल. पंपाचा खरा प्रवाह खोक्यावरच्या आकड्यावरून धरू नका, तो आकडा शून्य उंचीचा असतो. रिटर्नचं तोंड, आहे त्याच उंचीवर, 10 लिटरच्या बादलीत धरा. 20 सेकंदांत भरली तर ताशी 1800 लिटर.

वेव्हमेकरचीच एक गंमत लक्षात ठेवा. त्याचा झोत थेट पाईपाच्या तोंडावर येत असेल आणि तिथे पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर तो सुमारे 1.3 सेमी पातळीइतका दाब देतो. मुख्य टाकीत झोत तोंडाकडे असेल तर पाणी सहज पलीकडे जातं. फ्रॅगच्या टाकीतला वेव्हमेकर पाईपाच्या तोंडावर रोखलेला असेल तर तो पाणी मागे ढकलतो आणि मुख्य टाकी विनाकारण चढते. वेव्हमेकरची जागा बदलल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर आधी हेच बघा. मुद्दाम त्याच्या जोरावर पातळी सांभाळू मात्र नका, कारण वेव्हमेकर एकटा बंद पडला आणि रिटर्न पंप चालू राहिला तर पाणी काठाबाहेर जाईल.

एक पंप इकडून तिकडे आणि दुसरा तिकडून इकडे, अशी जोडी लावून दोन टाक्यांची पातळी राखायचा प्रयत्न कधीही करू नका. कितीही सारखे घेतले तरी दोन पंप सारखं पाणी देत नाहीत, आणि एकात कचरा अडकला की दुसरा टाकी उतू घालवतो. पंप एकाच दिशेने, परतीचं पाणी गुरुत्वाने, हा नियम मोडायचा नाही.

कायमचा उपाय

पुन्हा पुन्हा साफ करून कंटाळला असाल तर साखळी तोडा. रिटर्नच्या पाईपाला फाटा काढून दोन्ही टाक्यांना वेगवेगळं पाणी द्या, प्रत्येक फाट्यावर व्हॉल्व्ह ठेवा, आणि दोन्ही टाक्यांचा ओव्हरफ्लो स्वतंत्रपणे सम्पमध्ये सोडा. मग एका टाकीच्या अडथळ्याचा दुसरीवर भार पडत नाही, आणि फ्रॅगची टाकी औषधासाठी वेगळी करायची वेळ आली तर ती काढूनही घेता येते. हे जमत नसेल आणि फ्रॅगची टाकी उचलणं शक्य असेल, तर तिला 5 ते 10 सेमी उंच करा, पंपाचं पाणी तिच्यात सोडा आणि तिथून काठावरून मुख्य टाकीत पडू द्या. रिटर्नच्या तोंडाजवळ, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, सायफन तोडणारं बारीक भोक ठेवा. गोगलगाय किंवा शेवाळ त्यात बसलं की ते निकामी होतं, त्यामुळे जाळीबरोबर तेही टोचून साफ करा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नुसत्या चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका, खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर थर बसतो आणि ती पूर्ण मिटत नाही.

मांडणी बदलता येत नसेल तर एकाऐवजी दोन जोडपाईप ठेवा, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) आणि व्हॉल्व्ह. एक बंद करून उघडता येतो, आणि त्या वेळी दुसरा चालू असतो. काढता येणारे तुकडे आणि जाळी सम भाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी यांत काही तास बुडवून ठेवा, चुन्याचा थर सुटतो. मग ब्रश, मग स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा. पंपाचं इम्पेलरही (आतलं फिरणारं पातं) त्याच वेळी बुडवा. ब्रशने सुटलेली घाण दुसऱ्या टाकीत जाऊ देऊ नका, फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) नवीन बसवून मगच पाणी सोडा.

आणि दोन्ही पाईपांपैकी एखादा काही दिवस व्हॉल्व्ह लावून बंद राहिला असेल तर तो तसाच उघडू नका. आत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन स्पंज, कृमी आणि जिवाणू संपवतात, ते मरतात, कुजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. युनियन सैल करून ते पाणी बादलीत काढा. कुजक्या अंड्याचा वास येईल, आणि तेच पाणी टाकीत गेलं असतं तर मासे तासाभरात पृष्ठभागावर धापा टाकताना दिसले असते. पाईप धुवा, टाकीतल्या पाण्याने भरा, हवा निघेपर्यंत युनियन थोडं सैल ठेवा, आणि मगच व्हॉल्व्ह फिरवा.